उत्तरायुष्यातील छिन्नी : भिक्खू मोकुजिकी यांच्या मूर्तिकलेची चिकित्सा

कलेचा अधिकार कोणाला, हा प्रश्न वरवर पाहता सौंदर्यशास्त्राचा वाटतो. परंतु भारतीय समाजात तो प्रथमतः समाजव्यवस्थेचा प्रश्न आहे. वर्णव्यवस्थेने मनुष्याच्या हाताला जन्मतःच काम नेमून दिले. छिन्नी कोणी धरावयाची, कुंचला कोणी आणि झाडू कोणी, हे पाळण्यातच ठरले. त्याच विचारसरणीचे एक सौम्य रूप आजही सुशिक्षितांच्या बोलण्यात आढळते. कला रक्तात असावी लागते, घराण्यात असावी लागते, निदान बालपणापासून गुरूच्या हाताखाली गिरवलेली असावी लागते, असे मानले जाते. साठीच्या घरात आलेल्या एखाद्या मनुष्याने मूर्ती घडविली वा चित्र काढले, तर त्याचे कौतुक होते. पण ते 'विरंगुळा' ह्या शब्दाने. ह्या शब्दात कौतुकापेक्षा उपेक्षाच अधिक आहे.

ही धारणा कितपत टिकते, हे तपासण्यासाठी प्रस्तुत लेखात अठराव्या शतकातील जपानी बौद्ध भिक्खू मोकुजिकी यांच्या मूर्तिकार्याचा विचार केला आहे. त्यांनी आयुष्याची साठ वर्षे उलटल्यावर मूर्तिकामास हात घातला आणि नव्वदीपर्यंत सहस्र मूर्तींचा संकल्प पूर्ण केला. एवढ्यावरून त्यांचा गौरव करणे सोपे आहे. परंतु गौरव म्हणजे समीक्षा नव्हे. त्यांच्या कार्यातून आपण नेमके काय घ्यावे आणि काय नाकारावे, ह्याचा निवाडा धम्माच्या कसोटीवर झाला पाहिजे.

शेतकऱ्याचा मुलगा, उशिराचा शिल्पी

मोकुजिकी यांचा जन्म १७१८ साली काई प्रांतातील मारुबाताके ह्या डोंगराळ खेड्यात एका शेतकरी कुटुंबात झाला. हा भाग आज यामानाशी ह्या नावाने ओळखला जातो. चौदाव्या वर्षी शेतावर जातो असे सांगून त्यांनी घर सोडले आणि एदो नगर गाठले. बाविसाव्या वर्षी ते भिक्खू झाले. पंचेचाळिसाव्या वर्षी त्यांनी 'मोकुजिकी' हे व्रत स्वीकारले. ह्या शब्दाचा अर्थ वृक्षाहारी असा आहे. शिजविलेले अन्न आणि धान्य वर्ज्य करून कंदमुळे, फळे, कवचफळे ह्यांवर राहावयाचे, असे ते व्रत होते. पुढे तेच त्यांचे नाव झाले. छप्पन्नाव्या वर्षी, म्हणजे १७७३ साली, ते देशाटनास निघाले. (येथील वयाचे आकडे जन्मवर्ष धरून मोजण्याच्या जुन्या जपानी पद्धतीचे आहेत.)

१७७८ साली ते उत्तरेकडील एझो बेटावर पोहोचले. हे बेट आज होक्काइदो म्हणून परिचित आहे. तेथील मुक्कामात, वयाच्या एकसष्ट-बासष्टाव्या वर्षी, त्यांच्या मूर्तिकामाचा आरंभ झाला. ह्याच बेटावर सुमारे शंभर वर्षांपूर्वी एन्कू नावाचे दुसरे एक भटके भिक्खू येऊन गेले होते आणि त्यांनी कुऱ्हाडीच्या घावांनी घडविलेल्या ओबडधोबड काष्ठमूर्ती तेथे होत्या. त्या मूर्ती पाहूनच मोकुजिकी यांना प्रेरणा झाली असावी, असे अभ्यासक मानतात.

ह्या चरित्रात एक गोष्ट लक्षणीय आहे. जपानमध्ये बुद्धमूर्ती घडविणाऱ्या शिल्पींची स्वतंत्र परंपरा होती. त्यांच्या कार्यशाळा होत्या, त्यांत विद्या पित्याकडून पुत्राकडे वा गुरूकडून शिष्याकडे जात असे, मूर्तीची प्रमाणे ठरलेली होती. मोकुजिकी ह्या परंपरेच्या बाहेरचे. त्यांचे घराणे शेतकऱ्याचे, त्यांची शाळा म्हणजे खेडोपाडीचा रस्ता. ज्या वयात कार्यशाळेतील शिल्पी आपली हत्यारे मुलाच्या स्वाधीन करतो, त्या वयात ह्यांनी ती प्रथम हाती घेतली.

मूर्ती काय सांगतात

उशिरा आरंभ करणाऱ्या कलावंताची परीक्षा त्याच्या वयावरून करू नये, तशी ती त्याच्या पहिल्या कृतीवरूनही करू नये. पहिली कृती आणि नंतरची कृती ह्यांमधील अंतर पाहावे. मोकुजिकी यांच्या बाबतीत हे अंतर स्पष्ट दिसते.

एझो येथील आरंभीच्या मूर्ती साध्या, काहीशा ताठ आहेत. चेहरा निर्विकार आहे. एन्कूंची छाया त्यांवर जाणवते, पण एन्कूंच्या घावातील आवेश त्यांत नाही. हात अजून लाकडाशी बिचकून वागतो आहे, असे त्या पाहताना वाटते. ह्या मूर्तींना कोणी 'दैवी देणगी' म्हणणार नाही. आणि तेच त्यांचे महत्त्व आहे.

पुढील टप्पा ह्यूगा प्रांतातील. १७८८ साली, वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी, ते दक्षिणेकडील क्यूशू बेटावर पोहोचले आणि तेथील कोकुबुंजी विहाराचे प्रमुख म्हणून राहिले. १७९१ साली तो विहार आगीत भस्मसात झाला. त्र्याहत्तरी-चौऱ्याहत्तरीतील हा भिक्खू तेथून निघून गेला असता तर कोणी दोष दिला नसता. पण त्यांनी विहार पुन्हा उभारण्याचे काम अंगावर घेतले आणि पाच तथागतांच्या भव्य काष्ठमूर्ती घडविल्या. प्रत्येक मूर्तीची उंची सुमारे तीन मीटर आहे. लहान मूर्तीत जे झाकले जाते, ते मोठ्या मूर्तीत झाकता येत नाही. प्रमाण, तोल, वस्त्राच्या चुण्या, मुद्रेचे वजन ह्या सर्वांचा विचार येथे अटळ झाला. ही जबाबदारी पेलल्यावरच, १७९७ साली, त्यांनी ह्यूगा सोडले.

तिसरा टप्पा ऐंशीनंतरचा. १८०० साली ते जन्मगावी परतले आणि तेथे ग्रामस्थांच्या साहाय्याने त्यांनी एक मंदिर उभारले. १८०२ साली पूर्ण झालेल्या ह्या मंदिरासाठी त्यांनी ऐंशीहून अधिक मूर्ती घडविल्या. १८०६ साली तांबा प्रदेशातील सेइगेनजी विहारात त्यांनी सोळा अर्हतांच्या मूर्ती केल्या. ह्या काळातील मूर्तींत त्यांची स्वतःची शैली पूर्णत्वास आलेली आहे. गाल भरलेले, नाक गोल, भुवया कमानदार, ओठांवर आणि मिटल्यासारख्या डोळ्यांवर पसरलेले निर्मळ हास्य. ठरलेल्या प्रमाणांचा आग्रह गळून पडला आहे. परंतु हा गळून पडणे अज्ञानातून आलेला नाही. ह्यूगा येथील तीन मीटरच्या मूर्ती ज्याने उभ्या केल्या, त्याला प्रमाण ठाऊक नव्हते असे म्हणता येणार नाही. एझोच्या मूर्तीत जे हास्य नाही, ते वीस वर्षांच्या श्रमानंतर ऐंशीच्या मूर्तीत आहे. ते हास्य वयाने दिलेले नाही. सरावाने दिलेले आहे.

यानागी यांचे मत आणि त्याची मर्यादा

मोकुजिकी १८१० साली, त्र्याण्णवाव्या वर्षी निवर्तले आणि त्यानंतर शंभर वर्षांहून अधिक काळ विस्मृतीत गेले. जन्मगावचे मंदिर विसाव्या शतकाच्या आरंभी मोडले आणि तेथील मूर्ती विखुरल्या गेल्या. जानेवारी १९२४ मध्ये यानागी सोएत्सु हे कलासमीक्षक कोरियन भांडी पाहण्यासाठी यामानाशी भागातील एका संग्राहकाकडे गेले असता त्यांना ह्यांपैकी मूर्ती दिसल्या. त्यानंतर यानागी यांनी देशभर फिरून मोकुजिकी यांच्या मूर्तींचा शोध घेतला. जन्मगावी सापडलेल्या, खुद्द मोकुजिकी यांनी लिहिलेल्या आत्मचरित्रपर टिपणाच्या आधारे त्यांचे चरित्र सिद्ध केले. हे ऋण मोठे आहे. ह्याच शोधप्रवासात, १९२५ साली, यानागी व त्यांच्या मित्रांनी लोककलेसाठी 'मिंगेइ' हा शब्द घडविला.

तथापि यानागी यांच्या सौंदर्यविचारातील एका सूत्राची चिकित्सा आवश्यक आहे. त्यांच्या मते श्रेष्ठ सौंदर्य अनाम कारागिराच्या हातून, अहंकाराविना, जणू आपोआप प्रकट होते. विद्या, योजना, स्वतःची जाणीव ह्यांचा त्यात अडसर होतो. हे सूत्र मोकुजिकी यांना लावून पाहिले तर ते बसत नाही. मोकुजिकी अनाम नव्हते. ते मूर्तीच्या पाठीवर शाईने आपले नाव, दिनांक, आपले वय आणि ही सहस्र मूर्तींपैकी एक आहे हा संकल्प लिहीत असत. स्वतःच्याही प्रतिमा त्यांनी घडविल्या. जो मनुष्य प्रत्येक कृतीचा हिशेब ठेवतो, तो बेहोशीत काम करीत नसतो.

हा मुद्दा केवळ जपानपुरता नाही. आपल्याकडे दलित-बौद्ध कलावंताच्या कृतीस 'उत्स्फूर्त', 'निरागस', 'मातीतील' अशी विशेषणे लावली जातात. त्या विशेषणांत प्रेम असते, पण एक नकारही असतो. ह्या कलावंताने विचार केला, चुका सुधारल्या, दहावी मूर्ती पहिलीहून सरस केली, हे मान्य करण्याचे ती विशेषणे टाळतात. 'विरंगुळा' म्हणणारा कलावंताचे श्रम नाकारतो, आणि 'उत्स्फूर्त' म्हणणारा त्याची बुद्धी नाकारतो. मोकुजिकी यांच्या मूर्ती ह्या दोन्ही मतांविरुद्ध साक्ष देतात.

हाकुइन यांचे चित्र

मूर्तीबाबत जे म्हटले, ते चित्राबाबतही खरे आहे. मोकुजिकी यांच्या आधीच्या पिढीतील झेन गुरू हाकुइन एकाकू (१६८६–१७६९) हे जपानी बौद्ध चित्रकलेतील एक मोठे नाव. त्यांची बहुसंख्य चित्रे साठीनंतरची आहेत. आरंभीची चित्रे बारीक, सावध रेषेची आहेत. ऐंशीच्या घरातील बोधिधर्माची चित्रे मात्र रुंद, काळ्याभोर फटकाऱ्यांची. बोधिधर्माच्या एका विशाल चित्रात आधी फिकट शाईने आखलेल्या रेषा तशाच दिसतात आणि अखेरची ठळक रेषा त्यांना न जुमानता पुढे जाते. चूक झाकण्याची गरज त्यांना उरली नव्हती. पण चूक झाकण्याची गरज न उरणे आणि चूक न कळणे, ह्यांत महदंतर आहे. पहिल्यासाठी आयुष्य खर्ची पडावे लागते.

हाकुइन यांनी चित्रे सामान्य गावकऱ्यांना दिली आणि त्यांवर लोकभाषेत लिहिले. सरदारांच्या उधळपट्टीवर व शेतकऱ्यांच्या हालांवर त्यांनी लिहिलेले एक पुस्तक तत्कालीन सत्तेने निषिद्ध ठरविले. उत्तरायुष्यातील कला म्हणजे जगापासून घेतलेली निवृत्ती, हा समजही येथे खोटा ठरतो.

धम्माच्या कसोटीवर

आता नाकारावयाच्या गोष्टी. भिक्खू मोकुजिकी ह्यांचे व्रत आपल्याला मान्य होण्याजोगे नाही. तथागतांनी सहा वर्षांच्या उग्र देहदंडनानंतर तो मार्ग निरर्थक म्हणून सोडला आणि मध्यम मार्ग सांगितला. अन्न वर्ज्य केल्याने छिन्नीला धार येत नाही. मोकुजिकी यांच्या कलेचे श्रेय त्यांच्या व्रताला देणारे भाविक लेखन म्हणून सावधपणे वाचले पाहिजे.

दुसरे असे की, ह्या मूर्तींना लोकांनी रोग बरा करणारी दैवते मानले. काही मूर्तींचे लाकूड तासून औषध म्हणून घेतले गेले. बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांचा स्वीकार केलेल्या बौद्धाला ही श्रद्धा नाकारावीच लागेल. सहस्र मूर्ती केल्याने सहस्रपट पुण्य लाभते, हा हिशेब धम्माचा नव्हे. मात्र त्याच खेड्यांत मुलांनी काही मूर्ती बर्फावरच्या घसरगाडीसारख्या वापरल्या, हीही नोंद आहे. ज्या मूर्तीवर मूल बसू शकते, ती मूर्ती भयाच्या सिंहासनावरून खाली उतरलेली असते. आपल्याकडे ज्यांना देवळाच्या पायरीवरही उभे राहू दिले नाही, त्यांना ह्या गोष्टीचा अर्थ वेगळा सांगावा लागणार नाही.

तिसरी उणीव अधिक गंभीर आहे. मोकुजिकी यांचे देशाटन चालू असतानाच १७८२ ते १७८८ ह्या वर्षांत जपानमध्ये तेनमेइ काळातील भीषण दुष्काळ पडला. त्याच समाजात जन्मावरून अपवित्र ठरविलेले समूह होते. त्या समूहांची कायदेशीर हीनता १८७१ साली रद्द झाली; पण काही विहारांनी त्यांच्या मृतांना अपमानकारक धर्मनामे दिल्याचा इतिहास बौद्ध म्हणवणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवला पाहिजे. मोकुजिकी यांची हसरी मूर्ती भुकेल्या माणसाला धीर देते. तो भुकेला का, हे विचारीत नाही. तिचे डोळे मिटलेले आहेत.

उघडे डोळे

येथे आपल्याला आपल्या परंपरेकडे वळावे लागते. बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनीही उत्तरायुष्यात कुंचला हाती घेतला होता, ही गोष्ट आपल्या वाचकांना ठाऊक आहे. शरीर आजाराने जर्जर झालेले, राज्यघटनेचे प्रचंड कार्य पार पडलेले, 'द बुद्ध अँड हिज धम्म' ह्या ग्रंथाचे लेखन चालू. अशा वयात त्यांनी चित्रकला आणि व्हायोलिन ह्यांचा अभ्यास आरंभिला. त्यांच्या कल्पनेतील बुद्ध उघड्या डोळ्यांचा होता. जगाकडे पाहणारा, दुःखाचे कारण शोधणारा बुद्ध. त्यांच्या ग्रंथातील सिद्धार्थ रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलिय ह्यांच्यात उद्भवलेल्या संघर्षामुळे गृहत्याग करतो. ग्रंथातील हा विचार आणि उघड्या डोळ्यांची बुद्धप्रतिमा, ह्या एकाच मनाच्या दोन निर्मिती आहेत.

बाबासाहेबांच्या चित्रकलेची तुलना मोकुजिकी यांच्या मूर्तिकलेशी संख्येने वा कौशल्याने करण्याचे कारण नाही. एकाला तीस वर्षे मिळाली, दुसऱ्याला मोजकी वर्षेही मिळाली नाहीत. तुलना करावयाची ती हेतूची. दोघांनीही ठरलेली प्रतिमा जशीच्या तशी स्वीकारली नाही. एकाने बुद्धाला हास्य दिले, दुसऱ्याने दृष्टी दिली. बालपणापासून साच्यात घडलेल्या हाताला हे बहुधा सुचत नाही. कारण त्याने प्रतिमा आधी शिकलेली असते आणि प्रश्न नंतर येतो. उशिरा येणाऱ्याजवळ प्रश्न आधी असतो. हेच त्याचे खरे भांडवल आहे.

तिपिटकात उशिरा आलेल्यांची स्मृती आदराने जपलेली आहे. दहा अपत्यांची माता असलेली सोणा म्हातारपणी संघात आली. अंगुत्तर निकायात श्रेष्ठ श्रावक-श्राविकांची जी गणना आहे, तीत 'आरद्धवीरिय' म्हणजे आरंभिलेल्या उद्योगात अग्रगण्य अशी तिची नोंद आहे. तिला मान तिच्या वयासाठी मिळालेला नाही, वीर्यासाठी मिळालेला आहे. बाबासाहेबांनी आपल्या ग्रंथात ज्या दहा पारमिता सांगितल्या, त्यांत वीर्य आणि अधिष्ठान ह्या दोन्ही आहेत. हाती घेतलेले कार्य सर्व सामर्थ्यानिशी करणे आणि ध्येय गाठण्याचा निर्धार न ढळू देणे. मोकुजिकी यांच्या सहस्र मूर्तींचा धम्मानुकूल अर्थ लावावयाचा असेल तर तो येथेच लागतो. पुण्यसंचयात नव्हे, व्रतात नव्हे.

आपल्या समाजापुढील प्रश्न

रवींद्रनाथ ठाकूर यांनीही साठीनंतर चित्रे काढली आणि १९३० साली पॅरिसमध्ये त्यांचे प्रदर्शन झाले. त्यांच्या उशिरा सुरुवातीमागे दीर्घ वाङ्मयीन कीर्ती आणि निवांतपणा होता. आपल्या समाजातील उशिराची कहाणी निराळी आहे. गिरणीत, रेल्वेत, नगरपालिकेत, शेतमजुरीत ज्यांची उमेदीची वर्षे गेली, त्यांना हात स्वतःसाठी वापरण्याची पहिली संधी बहुधा निवृत्तीनंतरच मिळते. त्यांचा उशीर हा त्यांचा आळस नव्हे. तो उशीर व्यवस्थेने लादलेला आहे. म्हणून अशा कलावंताला 'हौशी' म्हणून बाजूस सारणे हे कलेचे मूल्यमापन ठरत नाही; ती जुन्या अन्यायाचीच पुनरावृत्ती ठरते.

परंतु ह्याची दुसरी बाजूही तितक्याच स्पष्टपणे मांडली पाहिजे. अन्यायाची जाणीव म्हणजे कलेतील सूट नव्हे. २५ डिसेंबर १९५४ रोजी बाबासाहेबांनी देहू रोड येथे रंगूनहून आलेली बुद्धमूर्ती प्रतिष्ठापित केली. तेव्हापासून आपल्या वस्त्यांत असंख्य विहार उभे राहिले, पण त्यांतील पुष्कळ मूर्ती एकाच साच्यातून काढलेल्या असतात. आपल्यातील एखादा वृद्ध उपासक स्वतः मूर्ती घडवू लागला, तर आपण त्याचा शाल देऊन सत्कार करतो आणि त्याची मूर्ती कोपऱ्यात ठेवतो. हा सत्कार त्याला पुढे जाऊ देत नाही. त्याच्या मूर्तीचा हनुवटीचा भाग जड झाला आहे, मुद्रा आणि नजर ह्यांचा मेळ बसलेला नाही, हे त्याला कोणी सांगत नाही. मोकुजिकी यांचा एझो येथील पहिल्याच मूर्तीसाठी सत्कार झाला असता आणि ते तेथेच थांबले असते, तर ऐंशीच्या वर्षांतील ते हास्य जगाला दिसले नसते.

विहारांनी मूर्ती विकत घेण्याबरोबरच हत्यारे, लाकूड, माती आणि एक छप्पर ह्यांची तरतूद करावी. नियतकालिकांनी उशिरा आलेल्या कलावंताची पहिली, दहावी आणि पन्नासावी कृती एकत्र ठेवून पाहावी आणि परखड शब्दांत लिहावे. कलावंताने मूर्तीच्या पाठीवर आपले नाव, वर्ष आणि वय न संकोचता लिहावे. ज्या समाजाला शतकानुशतके आपले नाव कोठेही कोरू दिले नाही, त्याने ते कोरण्यात अहंकार नाही. ती इतिहासातील नोंद आहे. मूर्तीचे डोळे मिटलेले असावेत की उघडे, हे मात्र ज्याने त्याने आपल्या काळाकडे पाहून ठरवावयाचे आहे.